अक्कांच्या घरची शिट्टी

"तीन नंबर! तीन झाल्या! गॅस बंद करता का कुकर आभाळात धाडता?"

कारखान्यातल्या कामासाठी सणसवाडीत भाड्याच्या खोलीत राहायला गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी ही आरोळी भिंतीपलीकडून आली आणि माझ्या हातातला बटाटा खाली पडला. तीन नंबर ही आमची खोली. तीन झाल्या त्या कुकरच्या शिट्ट्या. आणि आरोळी मारणाऱ्या बाई म्हणजे आमच्या घरमालकीण, अक्का. एका ओळीत आठ खोल्या, तिला सगळे 'लाइन' म्हणायचे, आणि मधेच आमच्या भिंतीला लागून अक्कांचं घर. कुणाच्या कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या हे आम्हाला कळायच्या आधी अक्कांना कळायचं.

आता मी केडगावला राहतो, स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर. आमच्या घरी कुकरने शिट्टी दिली की मी बाहेरच्या खोलीतून मोठ्यांदा "एक" म्हणतो. बायको म्हणते, "मला कान आहेत." तिला काय सांगणार? माझ्या कानांना हे वळण अक्कांनी लावलं. आणि त्या अक्कांच्या स्वतःच्या घरातून कधीच शिट्टी यायची नाही, हे लक्षात यायला याच कानांना दीड वर्ष लागलं. त्याची मला अजून लाज वाटते.

अक्का ठेंगण्या, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली, आणि हातात कायम एक हातभर लांबीचा डाव. हो, वाढायचा डाव. शिरूरला मुलींच्या एका वसतिगृहात सव्वीस वर्षं त्यांनी स्वयंपाक केला होता. निवृत्त झाल्या तेव्हा मुलींनी विचारलं, आठवण म्हणून काय देऊ? अक्का म्हणाल्या, माझा डाव द्या. घरात भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, त्याच्या खालच्या खिळ्याला हा डाव. पण तो खिळ्यावर क्वचितच असायचा. तो खिडकीच्या गजांवर आपटायचा असे, त्याने कुत्री हाकलायची असत, आणि आम्हाला स्वयंपाक शिकवताना तो आमच्या नाकासमोर नाचवायचा असे.

नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, की ठेवायचीच नसत, कोण जाणे. माणूस जिथला, ते त्याचं नाव. मी 'केडगाव'. माझ्या खोलीतला मिथिलेश 'बिहार'. पाच नंबरातलं नवरा-बायकोचं जोडपं मिळून एकच 'लातूर'. स्वतःचं माहेर वडगाव रासाईचं, म्हणून भीमेकाठचं वांगं सोडलं तर जगात वांगं नाही, हे त्यांचं ठाम मत.

शिट्टीच्या आवाजावरून आत काय चाललंय ते त्यांना समजायचं. "बिहार, कोरडी शिट्टी हाय ही! पानी कम डाला तुमने!" मिथिलेश झाकण उघडायचा तर डाळ खरंच बुडाला लागलेली. तो हळूच मला म्हणायचा, "यार, ये औरत है कि सीसीटीव्ही?"

सल्ले तर असे, की मागावे लागत नसत. डाळीत हळद आणि तेलाचे दोन थेंब शिजतानाच घालायचे, म्हणजे फेस शिट्टीतून बाहेर उडत नाही. मिरच्या आणल्या की देठं काढून ठेवायच्या, मग आठवडाभर सडत नाहीत. तांदळात कडुलिंबाचा वाळला पाला. लसूण कोमट पाण्यात टाकली की सालं आपली आपण सुटतात. कुकरचा रबर सैल पडला तर अर्धा तास थंड पाण्यात बुडवायचा. "आन् माणूस सैल पडला तर त्याला कढत पाण्यानं आंघूळ घालायची," हेही त्याच दमात.

भात करपला तर हलवू नये, हा त्यांचा कायदा. "करपल्याल्या भाताला आन् रागावल्याल्या माणसाला हलवायचं न्हाई. वरचा वर चांगला भाग काढून घ्यायचा, खालचं गुमान भिजत घालायचं." लातूरचं भांडण झालं की अक्का बाहेरून एवढंच म्हणायच्या, "हलवू नका रं!" आतला आवाज खाली यायचा.

एकदा माझ्या ज्वारीच्या भाकरीचे थापतानाच तुकडे पडायला लागले. अक्कांनी पीठ चिमटीत धरलं, चोळलं. "विरी गेली ह्याची." विरी म्हणजे पिठाचा धरून राहायचा गुण. पीठ जुनं झालं की ती जाते. "कढत पाणी घाल आन् मळ. धरतंय का न्हाई बघ." धरलं. माझ्या आईलाही हे माहीत असणारच, पण आईच्या स्वयंपाकघरात मी कधी भाकरी थापली नव्हती.

सर्वांत मोठा सल्ला आमटीचा. मी एकदा आमटी खारट केली आणि मोबाईलवर पाहून तिच्यात कणकेचे गोळे सोडले. अक्कांनी डावाने एक गोळा उचलून पाहिला. "हे काय मीठ खायाला बसवलंय व्हय? आमटी खारट झाली तर पाणी वाढव. पाणी वाढलं तर माणूस वाढव." त्या संध्याकाळी आमच्या खोलीत सातजण जेवले.

एक अडचण मात्र होती. अक्कांचं सगळं प्रमाण साठ जणांचं. वसतिगृहात मुली साठ. "पिठल्याला मीठ किती, अक्का?" "दोन मुठी." "आम्ही दोघंच आहोत!" "मग भाग घाल की. शाळा शिकलास ना?" दोन मुठींना साठाने भागून परत दोनाने गुणणे हे मी कढईत मोहरी तडतडत असताना कितीदा केलं असेल! मिथिलेशने तर भिंतीवर खडूने कोष्टक लिहून ठेवलं होतं.

अखेर मिथिलेश या पहाऱ्याला कंटाळला. त्याने विजेवर चालणारा भाताचा कुकर आणला. ना शिट्टी, ना वाफेचा फुत्कार. भात झाला की टिक करून दिवा बदलतो. "अब अक्का को पता ही नहीं चलेगा," तो खूश होऊन म्हणाला. त्याच आठवड्यात त्याच्या जुन्या मोटारसायकलचे ब्रेक गेले. दारापुढच्या ओट्यावर उभा राहून तो फोनवर गावाकडच्या भावाला ओरडून सांगत होता, "ब्रेक खतम! अब क्या करें, पैदल जा रहे हैं!"

आता, आमच्या भागात 'ब्रेक' म्हटलं की दुसरंच काही ऐकू येतं. कंत्राटावरच्या माणसाचे ठरावीक महिने भरले की त्याला काही दिवस घरी बसवतात, त्याला म्हणतात ब्रेक मिळाला. काम बंद, पगार बंद. अक्कांनी ब्रेक ऐकला. चार दिवस तीन नंबरातून एक शिट्टी ऐकली नाही. दोन्हींची बेरीज केली.

चौथ्या संध्याकाळी दारावर डाव आपटला. उघडतो तर अक्का, आणि त्यांच्यामागे लातूर नवरा-बायको एक अवाढव्य पातेलं दोन्हीकडून धरून उभे.

"चार दिस झाले चूल न्हाई पेटली तुमची," अक्का म्हणाल्या. त्यांचा आवाज मी तसा कधी ऐकला नव्हता. "ब्रेक मिळाला तर सांगायचं न्हाई व्हय रं? मी मेले व्हते का?"

"कौन सा ब्रेक, अक्का?"

"तूच बोलला ना फोन पे! ब्रेक खतम, पैदल जाता है!"

"अक्का, वो तो गाड़ी का!"

नेमका त्याच वेळी कोपऱ्यात टिक आवाज झाला. अक्का तिकडे गेल्या, डावाच्या टोकाने झाकण उचललं. पांढराशुभ्र, मोकळा भात. त्यांनी एक शीत बोटांत दाबून पाहिलं. मला वाटलं, आता आमची धडगत नाही.

"चांगला झालाय," एवढंच म्हणाल्या.

पातेल्यात पिठलं होतं, अंगणातल्या चुलीवर केलेलं, साठ जणांचं. मग काय, माणूस वाढवला. सगळी लाइन ताटं घेऊन अंगणात बसली. अक्का वाढत होत्या आणि ताटं मोजत होत्या. मी म्हणालो, "अक्का, आता तुम्ही घ्या."

"समद्यांचं होऊ दे."

"झालं की सगळ्यांचं."

"एक नंबर सेकंड शिफ्टला गेलाय. त्यो आल्यावर. साठ ताटं झाल्याबिगर मी कवा ताट घेतलं न्हाई."

मी घास तसाच धरून बसलो. आठ खोल्या. कुणी ना कुणी रोजच सेकंडला असायचं. म्हणजे सगळ्यांचं व्हायचं तरी कधी?

त्यांनी लोणच्याची बरणी आणायला मला त्यांच्या घरात पाठवलं. दीड वर्षात मी त्यांच्या स्वयंपाकघरात पहिल्यांदाच गेलो. गॅसची शेगडी लखलखीत. तिच्यावर चहाचं एक पातेलं, शेजारी एक कप आणि खारीचा पुडा. बाकी काही नाही. फळीवर बारा लिटरचा कुकर होता. झाकण काढून पाहिलं तर त्यात कांदे भरलेले.

बरणी देताना विचारलंच. "अक्का, तुम्ही रात्री काय खाता?"

"चहा-खारी. भरतंय पोट."

"कुकर का नाही लावत?"

त्या हसल्या. "एकाला काय कुकर लावायचा, केडगाव? साठाला डाळ किती, ते झोपेत इचार. दोघांची बी सवय नव्हती झाली. मी रिटायर होऊन आले आन् सहा महिन्यात मालक गेले. एकाला किती घालायचं, ते कुणी शिकवलंच न्हाई. दोनदा करून बघितलं, उरलं, टाकलं. मग हाताची विरी गेली, बाबा."

आम्हाला डाळीत हळद कधी घालायची ते सांगणाऱ्या बाई, आणि शेजारच्या भिंतीआड चहात खारी बुडवून झोपत होत्या. आम्ही त्यांच्या आरोळ्यांची नक्कल करून हसत होतो.

त्या रविवारी मिथिलेश आणि मी शिक्रापूरला जाऊन दोन लिटरचा कुकर घेऊन आलो. अक्कांनी तो तळहातावर ठेवला. "ही काय भातुकली हाय?" म्हणाल्या, आणि मोठ्या कुकरात कांद्यांवर ठेवून दिला. मिथिलेशने आपला विजेचा कुकर खोक्यात भरून टाकला. "सीटी नहीं बजेगी तो अक्का फिर डर जाएगी," म्हणाला. तीन नंबर पुन्हा शिट्ट्या द्यायला लागला, अक्का पुन्हा ओरडायला लागल्या. भातुकली मात्र वाजली नाही. रोज संध्याकाळी मी भिंतीला कान लावून बसायचो. पंधरा दिवस गेले, महिना गेला.

मग मला दौंडला काम मिळालं आणि खोली सोडायचा दिवस आला. आदल्या संध्याकाळी मी सामान बांधत होतो. पलीकडून एक शिट्टी आली. बारीक, चिरकी, लहान पोराने मारावी तशी.

मी मिथिलेशकडे पाहिलं. तो हातातलं उलथनं घेऊनच धावत ओट्यावर गेला. लातूर दोघंही बाहेर आले. दुसरी शिट्टी झाली तेव्हा सगळी लाइन दारात उभी होती. तिसरीला मिथिलेशने उलथनं खिडकीच्या गजांवर आपटलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडला, "अक्का! तीन झाल्या! गॅस बंद करा!"

त्याच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं शुद्ध मराठी वाक्य.

आतून आवाज आला, "कळतंय मला! सव्वीस वर्सं..." पुढचं काही ऐकू आलं नाही. मग दार उघडलं. अक्का डाव घेऊन उभ्या होत्या, चष्मा कपाळावर ढकललेला. आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "या रं. आमटी खारट झाली. पाणी वाढवलंय."

दोन लिटरच्या कुकरातली आमटी आम्ही सगळे अर्धी-अर्धी वाटी प्यायलो. एक नंबर सेकंडला गेला होता. त्याची वाटी अक्कांनी झाकून बाजूला ठेवली, आणि पहिल्यांदाच त्याची वाट न बघता स्वतःचं ताट घेतलं. भात कालवला, पहिला घास घेतला आणि आमच्या तोंडांकडे बघत बसल्या.

आमटी जराही खारट नव्हती. मी वाटी संपवली. मिथिलेशने मात्र वाटी पुढे केली आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "बहुत नमक है, अक्का. थोड़ा और पानी बढ़ाओ. कल भी आना पड़ेगा."