मोरीतून पुढे कुठे

मंदा पहिल्यांदा आमच्याकडे आली ती विरजण मागायला. हातात वाटी होती. मी म्हटलं, थांब हं, देते, आणि आत वळले, तर ही माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आणि तिथून थेट मोरीपाशी. मी नुकतीच भांडी घासून उठले होते. पाणी सावकाश जाळीतून उतरत होतं आणि ही वाकून त्याच्याकडे बघत होती.

"काकू, हे पाणी पुढे कुठे जातं?"

"कुठे म्हणजे? खाली जातं."

"खाली कुठे?"

"गटारात."

"आणि गटारातून?"

"ते मला काय ठाऊक बाई, मी काय त्याच्यासोबत जाते?"

ती हसली नाही. "एकदा जाऊन बघा," म्हणाली आणि विरजण न घेताच निघून गेली. वाटी माझ्या ओट्यावर राहिली. आमचे हे घरी आल्यावर मी सांगितलं, वरच्या मजल्यावर एक बाई राहायला आली आहे, शाळेत विज्ञान शिकवते म्हणे, पण डोक्यानं जरा सैल दिसते.

ही वर्तकनगरची गोष्ट, आम्ही वसाहतीत तळमजल्यावर राहत होतो तेव्हाची. साल ऐंशीच्या पुढचं. मंदा तिशीची, एकटी. माहेर खाडीकाठच्या कोळीवाड्यात, रिक्षानं अर्ध्या तासावर. एवढं जवळ माहेर असून कुणी कधी तिच्याकडे आलेलं मी पाहिलं नव्हतं, पण नव्या शेजारणीला हे कसं विचारायचं?

तिच्या घरात भिंतीला फळी होती. आपण लोणचं, मुरंबा ठेवतो तशा तिथे काचेच्या बरण्या, आणि बरण्यांत चिखल. प्रत्येकीवर चिठ्ठी, जागेचं नाव आणि महिना. आमच्या ह्यांचा गुडघा तेव्हा फार दुखायचा. कुणीतरी त्यांना चिखलाचे लेप सांगितलेले. ते एकदा चहाला गेले असताना म्हणाले, "मिस, ह्यातला थोडा लावून बघू का? जो जुना असेल तो द्या."

"काका, जुन्यात शिसं जास्त आहे," मंदा म्हणाली.

त्या दिवसापासून हे तिच्याकडचा चहा आधी वास घेऊन प्यायचे.

सगळ्या बिल्डिंगला तिचा तो प्रश्न पाठ झालेला. कुणी बादली ओतली, कुणी केर टाकला, की जिन्यातून आवाज यायचा, "पुढे कुठे जातं?" मुलं तर तिची नक्कल करत पळायची. बायका म्हणायच्या, युनिव्हर्सिटीत जाऊन डोकं फिरलं हिचं. मीही म्हणायचे. खोटं कशाला सांगू.

आता माझी करणी ऐका. नवरात्रात आमच्या घटावर रोज झेंडूची माळ. नऊ दिवसांच्या नऊ माळा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या प्लास्टिकच्या पिशवीत बांधायच्या, वर गाठ मारायची, आणि खाडीच्या पुलावरून हात जोडून खाली सोडायच्या. माझी सासू करायची, मी करायचे. पिशवी का, तर फुलं पायदळी येऊ नयेत म्हणून. त्या वर्षी मी पुलावर पोचले, पिशवी कठड्यावर ठेवली, डोळे मिटले, उघडले, तर पिशवी नाही. मागोमाग आलेल्या मंदाच्या छत्रीच्या मुठीला अडकलेली.

"अगं देवाचं आहे ते," मी ओरडले.

"देवाचं आहे म्हणूनच," ती म्हणाली. "काकू, ही पिशवी उद्या माझ्या बाबांच्या जाळ्यात येणार. मासा नाही येणार, ही येणार. ते गाठ सोडत बसतील. आत हार निघाला की त्यांना तो टाकवत नाही. घरी आणतात, धुतात, तुळशीपाशी ठेवतात. अंगणात मासे वाळायला जागा नाही, एवढे देव साठलेत."

पिशवी बगलेत मारून दोघी घरी आलो. वाटेत मी धीर करून विचारलं, "बाबा येत नाहीत ते तुझ्याकडे?"

मग तिनं सांगितलं. युनिव्हर्सिटीत पहिल्या दिवशी बाकावरच्या मुली सरकून बसल्या, कारण आईबरोबर पहाटे मासळी निवडून ही तशीच आलेली. तासाला सरांनी विचारलं, खाडीच्या चिखलात काय काय राहतं कोण सांगेल? कुणाचा हात वर नाही. ही उठली आणि बापानं शिकवलेली नावं म्हणत गेली. निवटे, चिंबोऱ्या, खुबे, कालवं, वाम. सरांनी फळ्यावर तिची नावं जशीच्या तशी लिहिली आणि प्रत्येकापुढे शास्त्रातलं नाव मांडलं. "काकू, त्या दिवशी मला कळलं की माझ्या बापाला येतं तेही शिक्षणच आहे. मी ठरवलं, ह्यावरच शिकायचं."

शिकली. त्याच चिखलावर दोन वर्षं अभ्यास केला, ओहोटीला गुडघाभर उतरून. आणि शेवटी त्या यादीतली काही नावं तिला खोडावी लागली, कारण ते जीव सापडलेच नाहीत. वरून येणारं पाणी, कारखान्यांचं, आपल्या मोऱ्यांचं. तिनं मोठ्या हौसेनं ते बापाला वाचून दाखवलं. बाप म्हणाला, "तुला शिकवली ती खाडीनं, आनि तू तिचंच मरन लिवलंस?" त्यानंतर तो तिच्याशी बोलला नाही. ही दर महिन्याला जायची. आई जेवायला वाढायची, बाप होडीकडे निघून जायचा. पाच वर्षं.

"तू खोडलंस ते खरं होतं ना?" मी विचारलं.

"खरंच होतं. तेच तर."

माझं शिक्षण सातवीपर्यंत. पण त्या रात्री मला झोप आली नाही ती त्या अंगणातल्या देवांमुळे. सकाळी मी वर गेले आणि म्हटलं, ह्या माळांचं काय करायचं ते सांग. तिनं बिल्डिंगच्या मागे खड्डा खणला होता, एकटीच. त्यात माळा सोडल्या, पानं टाकली, माती टाकली. मग बाकीच्या बायकांना आणायचं काम माझं. मी काही शास्त्र सांगितलं नाही. मी एवढंच सांगितलं की एका म्हाताऱ्या कोळ्याला आपले हार धुवावे लागतात. पहिल्या वर्षी चार घरं आली, पुढच्या वर्षी सगळी बिल्डिंग, मग शेजारची. कुळकर्णीण आधी नाक धरून यायची, तीच पुढे काळी माती तुळशीला हवी म्हणून रांगेत पुढे घुसायला लागली. मंदाच्या वह्या मी डिक्शनरी घेऊन वाचायला लागले. हे म्हणायचे, आता तूही बरण्या भरणार का?

असाच एक शनिवार. मंदा शाळेत. दारात एक म्हातारा, काळाभोर, ताठ, हातात झाकणाचा डबा.

"मंदा हाय का वर, बाय?"

मी काय ते ओळखलं. म्हटलं, शाळा सुटेल इतक्यात, आत या, चहा घ्या. तो आला, डबा जपून खाली ठेवला, हात धुवायला मोरीत गेला. बराच वेळ बाहेर येईना. बघते तर वाकून जाळीकडे पाहतो आहे.

"बाय, हे पानी पुढं कुठं जातं?"

माझ्या हातातली गाळणी तशीच राहिली. मग मी शाळेतल्या पोरीसारखं सगळं म्हटलं. गटारात, गटारातून नाल्यात, नाल्यातून खाडीत.

"आनि खाडीतशी?"

"समुद्रात."

"बरोबर," तो म्हणाला. "मंदा एवढीशी होती, होडीत बसवून मी तिला ह्येच इचारायचो. येगळं काय शिकवनार मी?"

इतकी वर्षं आम्ही सगळ्या त्या प्रश्नाचं खापर युनिव्हर्सिटीवर फोडत होतो.

चहा त्यानं घेतला नाही, पोर येऊ दे म्हणाला. मंदा आली. दारातच थांबली. चपला काढायचं विसरली. बापानं डब्याचं झाकण उघडलं. आत खाडीचं गढूळ पाणी, आणि त्यात एक खुबा, अंगठ्याएवढा शिंपला, जिवंत. तिनं खोडलेलं नाव.

"औंदा जाल्यात देव कमी आयले," तो म्हणाला. "ह्यो आला."

मंदा खाली बसली. डब्यात बघत राहिली. मला वाटलं, आता रडेल, पोरीनं आयुष्यात एकदा तरी रडावं. पण शिकलेली ती. अगदी हळू म्हणाली, "बाबा, एकावरून काही सिद्ध होत नाही."

"सिद्ध कराया कोन आलंय," तो म्हणाला. "मी आयलो ना."

मी आत गेले आणि चहा पुन्हा गरम करायला ठेवला. बाहेर दोघं हळूहळू भांडायला लागली होती, खुबा कुठे सोडायचा त्यावरून. ओहोटी किती वाजता, वाळू कुठे, चिखल कुठे. तिची शास्त्रातली नावं आणि त्याची कोळ्यांची नावं, एकामागून एक. मी चहा तीनदा गरम केला.

आता मी ऐंशी ओलांडली. भांडी घासून उठताना अजून घडीभर मोरीपाशी थांबते. पाणी गेलं की मनातल्या मनात त्याच्यासोबत पुलापर्यंत जाऊन येते. मंदाची ती विरजणाची वाटी अजून माझ्याचकडे आहे. ती कधी न्यायला आली नाही, मीही कधी परत दिली नाही.