रोझमंडबाईंचा वेलदोडा

ऑरविल ट्वाइटने टोपणनाव घेतलं तेव्हा त्यात कुणाचं काही बिघडेल असं त्याला वाटलं नव्हतं. (ऑरविलला सहसा काही वाटत नाही, वाटलंच तर उशिरा वाटतं.) मिनेसोटातल्या आपल्या काउंटीत तो घरोघरच्या सेप्टिक टाक्या तपासायचा आणि उरलेल्या वेळात प्रेमकथा लिहायचा. प्रकाशिका फोनवर म्हणाली, "लिहिता छान हो तुम्ही. पण कव्हरवर ऑरविल ट्वाइट छापलं तर लोकांना वाटेल, टाकी उपसल्याची पावती आली." मग तो रोझमंड पेटिग्रू झाला. समुद्रकाठी राहणारी विधवा, दोन मांजरं, डोळ्यांत कायम पाणी.

पुस्तकं चार झाली, गावातल्या बायका ती वाचून रडू लागल्या, पण घरी बायकोला, मार्लिसला, सांगायचं तेवढं राहून गेलं. पहिल्या महिन्यात सांगितलं असतं तर ती हसली असती. दोन वर्षांनी सांगितलं तर काय करील, या विचाराने तो सांगणं पुढच्या महिन्यावर ढकलायचा. गॅरेजमधून टाइप करण्याचा आवाज आला की मार्लिस विचारायची, "काय रे करतोयस?" आणि हा म्हणायचा, "टाक्यांचा अहवाल."

मे महिन्यात प्रकाशिकेचा पुन्हा फोन आला. "ब्रँड म्हणजे नुसतं नाव नव्हे. वाचकांना बाईचं स्वयंपाकघर दिसलं पाहिजे. वाचकांना दरमहा पत्र पाठवतो आपण, त्यात या वेळी एखादी पाककृती टाका."

ऑरविलला अंडं उकडताना घड्याळ लावावं लागतं. त्याने गुपचूप मार्लिसचा पाककृतींच्या कार्डांचा पत्र्याचा डबा उघडला, हाताला आलं ते कार्ड उतरवून घेतलं आणि 'माझ्या दिवंगत मावशीचा रुबार्ब केक' (रुबार्ब म्हणजे आंबट लाल देठांची भाजी) म्हणून सहा हजार वाचकांना ईमेलने धाडून दिलं. चष्मा गाडीत राहिला होता. आणायला कोण जातंय.

ऑगस्टात काउंटीची जत्रा भरली. केकच्या स्पर्धेत मार्लिसला गेली नऊ वर्षं पहिल्या नंबरची निळी फीत मिळत होती. मूलबाळ नाही, नोकरी शाळेच्या उपाहारगृहात. वर्षातून एकदा ती फीत लागली की तिची मान ताठ व्हायची. केकसोबत कृतीचं कार्ड द्यायचं आणि कृती स्वतःच्या घरची हवी, एवढाच नियम.

परीक्षक व्हर्ना हौगनबाईंनी आधी कार्डं वाचायला घेतली. बारा केक, बाराही कार्डांवर तोच रुबार्ब केक.

"कमाल आहे बायांनो," व्हर्नाबाई म्हणाल्या, "रोझमंडच्या पत्रातलं जसंच्या तसं उतरवलंत. आणि मार्लिस, तूसुद्धा? वर वेलदोडा तेवढा कमी केलास, ओळखू येऊ नये म्हणून."

"ही माझ्या इंगामावशीची कृती आहे," मार्लिस म्हणाली. तिचा आवाज बारीक झाला होता. "रोझमंडला माझी मावशी कुठून ठाऊक?"

"तिनेही मावशीचंच लिहिलंय. लोकांपुढे आधी तिचं आलं. तुझंही नाव काढावं लागेल गं मला."

मागच्या बाकावर ऑरविल हे सगळं ऐकत होता. गप्प बसावं तर बायको चोर ठरते, बोलावं तर आपण संपलो. मार्लिसने ॲप्रनचं टोक मुठीत धरलेलं त्याला दिसलं आणि तो उठला.

"व्हर्नाबाई, रोझमंड पेटिग्रू मी आहे."

सगळा मंडप त्याच्याकडे बघू लागला. "ऑरविल," व्हर्नाबाई समजुतीने म्हणाल्या, "जूनमध्ये तू माझ्या टाकीत होतास. बायकोसाठी उभा राहिलास, चांगलं केलंस. पण रोझमंडला बाईचं मन कळतं रे."

"खरंच मी आहे."

"बरं. तिसऱ्या पुस्तकात कॅप्टनचा घोडा मरतो. त्याचं नाव सांग."

आता आली का पंचाईत. लिहिताना नाव तीनदा बदललेलं, शेवटी कोणतं ठेवलं ते आठवेना. इथेच घोडं पेंड खात होतं. "ब्राउनी?" ऑरविल म्हणाला.

"सार्जंट," मार्लिस चिडून म्हणाली. "दोन दिवस जेवले नव्हते मी."

ऑरविल बघतच राहिला. ही कधी वाचते?

तेवढ्यात मार्लिसने शेजारचं एक कार्ड उचललं आणि तिच्या कपाळावर आठी पडली. "चार चमचे वेलदोडा? कुणी घातला? व्हर्नाबाई, हा चाखा. मग माझा चाखा."

व्हर्नाबाईंनी पहिला घास घेतला. खोकल्याचं औषध पाजल्यासारखं तोंड झालं, डोळ्यांना पाणी आलं. मार्लिसचा घास घेऊन त्या सावरल्या. मग मार्लिसने खिशातून मूळ कार्ड काढलं. पाव चमचा म्हणून '१/४' लिहिलेलं, पण एक आणि रेघ लोण्याच्या डागाखाली गेलेली, नुसता चार उरलेला.

"हे बघा. तिने याच कार्डावरून उतरवलंय. आणि हे कार्ड माझ्या घराबाहेर कधी गेलेलं नाही." एवढं बोलून मार्लिस थांबली आणि सावकाश ऑरविलकडे वळली. तिला कळलं होतं.

व्हर्नाबाईंनाही कळलं होतं. "घरात माणसं दोनच," त्या म्हणाल्या. "ऑरविलला घोडा माहीत नाही, तुला माहीत आहे. अगं, म्हणजे रोझमंड तूच! आणि चार मुद्दाम लिहिलेस ना, या सगळ्या आपटाव्यात म्हणून? नऊ वर्षं फीत उगाच नाही मिळत."

बायका टाळ्या वाजवू लागल्या. ऑरविलने तोंड उघडलं. मार्लिसने त्याच्याकडे असं पाहिलं की ते आपोआप मिटलं.

"आता कळलंच आहे तुम्हाला," मार्लिस लाजत म्हणाली, "तर काय सांगू."

गाडीत तिने आधी फीत काढून नीट घडी घातली. मग म्हणाली, "लग्नाच्या तेवीस वर्षांत पुस्तकातल्यासारखं एक वाक्य मला बोलला नाहीस. सगळं त्या बाईला लिहायला दिलंस."

ऑरविलला खरोखर वाईट वाटलं. (वेळेवर, पहिल्यांदाच.)

ऑक्टोबरात गावच्या वाचनालयात रोझमंड पेटिग्रूचा सह्यांचा कार्यक्रम झाला. दहावी निळी फीत लावून मार्लिस सह्या करत होती आणि ऑरविल पुस्तकांची खोकी उचलत होता. व्हर्नाबाई सही घेऊन थेट त्याच्याकडे आल्या, पुस्तकाचं मागचं कोरं पान उघडलं आणि पेन पुढे केलं.

"ऑरविल, तूही लिही ना इथे."

त्याला भरून आलं. निदान एकीने तरी ओळखलं. त्याने पेन घेतलं. "काय लिहू?"

"तारीख," व्हर्नाबाई म्हणाल्या. "टाकी परत तुंबलीय, कधी येतोस ते."