कंसातला मजकूर

"रविवारी रुमाल घेऊन या," असं हार्लन ट्वेटने कॅफेत भेटेल त्याला बजावून ठेवलं होतं. पण लोकांचा काय भरवसा? म्हणून त्याने स्वतःच कागदी रुमालांचे चोवीस डबे आणले आणि थिएटरात दर तीन खुर्च्यांमागे एक मांडला. त्याचं नाटक ऐकून अख्खं ग्रॅनाइट बे गाव रडणार होतं. रडणाऱ्या गावाची सोय लेखकानेच नको का बघायला!

हार्लनने एकतीस वर्षं गावच्या शाळेत रसायनशास्त्र शिकवलं आणि निवृत्तीनंतरची अकरा वर्षं एकच नाटक लिहिलं. सुपीरियर सरोवराकाठचा दीपस्तंभ, त्याचा राखणदार, राखणदाराची बायको ॲग्नेस आणि तीन अंक भरून वादळ. मिनेसोटातल्या एकोणीस नाटकमंडळ्यांनी ते साभार परत पाठवलं होतं. विसावी मंडळी गावचीच. पशुखाद्याच्या जुन्या गोदामात तिचं थिएटर होतं. दर ऑक्टोबरात ती एकच नवं नाटक करायची, आणि आधी त्याचं जाहीर वाचन ठेवायची. नट उभ्याने संवाद वाचणार, एक जण कडेला बसून कंसातल्या रंगसूचना वाचणार. लोकांना आवडलं तर नाटक उभं राहणार, नाहीतर हार्लनच्या कपाटात विसावं नकारपत्र.

दिग्दर्शिका जोॲन केस्टर हार्लनचीच विद्यार्थिनी. नियमाला मात्र कडक.

"सर, वाचन चालू असताना लेखकाने तोंड उघडायचं नाही. शेवटी लोक मतं सांगतील, तेव्हाही फक्त 'आभारी आहे' म्हणायचं. पुढे एक अक्षर नाही."

"मला बोलायची गरजच काय? माझं नाटक बोलेल!"

रंगसूचना वाचायला लॉयड ग्रुंडमन होता. धंदा गुरांच्या लिलावात बोली पुकारण्याचा. त्याने आवाज लावला की पलीकडच्या गावातली गाय मान वर करायची. हार्लनने त्याला तंबीच दिली होती.

"लॉयड, कंसातला एकही शब्द गाळायचा नाही. माझ्या कंसांत जीव आहे."

"बाबा रे, मी गुरं विकतो. समोर असेल ते पुकारतो. पदरचं घालत नाही नि समोरचं सोडत नाही."

रविवारी दुपारी वाचनाला अर्धा तास उरला असताना लॉयड हातात संहितेच्या चिंध्या घेऊन आला.

"वासराने खाल्लं. दुसरा-तिसरा अंक फस्त! पहिला नुसताच चाटून सोडलाय. आवडला नसावा."

हार्लनने बायकोला फोन लावला. "मार्लिस, येताना टेबलावरची संहिता घेऊन ये."

"इथे दोन आहेत. कुठली?"

हार्लन तेव्हा डबे एका रेषेत आणत होता. "कुठलीही आण गं! मी लिहिलेलं सगळं सारखंच चांगलं असतं!"

मार्लिसने त्यातली जाडी उचलली. जाडी म्हणजे पूर्ण, इतका साधा विचार.

ती हार्लनची कामाची प्रत होती. अकरा वर्षांत मनात आलेलं सगळं त्याने तिच्यात टाइप करून ठेवलं होतं. आणि संवादात मिसळू नये म्हणून प्रत्येक टिपण नेमकं कंसात!

"वादळ. ॲग्नेस खिडकीशी उभी," लॉयडने पुकारलं. मागच्या रांगेत हार्लनची छाती फुगली.

राखणदार म्हणाला, "आज सरोवर आपलं नाव घेतंय, ॲग्नेस."

लॉयडने ओळीवर बोट ठेवलं. "हे वाक्य भारी जमलंय. टाळ्या थांबेपर्यंत नटाने थांबावं."

नट थांबला. त्याची दया येऊन कुणीतरी दोन टाळ्या वाजवल्या.

"ॲग्नेस नाक मुरडते," लॉयड पुढे गेला. "मेहुणी ब्युला आमच्याकडचं ओव्हनमधलं हॉटडिश चाखताना मुरडते, तसं."

अख्खं सभागृह पहिल्या रांगेत मार्लिसशेजारी बसलेल्या ब्युलाकडे वळलं. ब्युला त्या क्षणी नेमकं तेच करत होती! गोदामाचं छप्पर उडायचं बाकी राहिलं.

हार्लन ताडकन उभा राहिला. जोॲनने लांबूनच ओठांवर बोट ठेवलं. वर्गात हेच बोट तो तिला दाखवायचा. बसला बिचारा.

"राखणदार लंगडत येतो. डावा पाय की उजवा, मागे बघणे." नट आळीपाळीने दोन्ही पायांनी लंगडला. "वीज एकदा कडाडते, दोनदा कडाडते, तीनदा!" सवयीने लॉयडचा हात टेबलावर आपटला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "विकली!" लॉयड वाचतच राहिला, "इथे सगळे रडतील. न रडल्यास वादळ वाढवावं."

लोक पोट धरून वाकले होते. कंस मामा होऊन येवो नाहीतर विरामचिन्ह होऊन, घात करायचा तो करतोच!

असे अडीच अंक गेले. मग ॲग्नेस दीपस्तंभाच्या जिन्याने वर गेली.

"ॲग्नेस दिवा लावते," लॉयड म्हणाला आणि पहिल्यांदाच अडखळला. त्याने मागच्या रांगेकडे पाहिलं. पण शब्द दिलेला होता. पलीकडच्या गायीला ऐकू जाणार नाही इतक्या हळू त्याने वाचलं, "मार्लिस चाळीस वर्षं माझ्यासाठी पोर्चवरचा दिवा लावून ठेवते. कितीही उशीर होवो. हे तिला कधी सांगितलं नाही. नाटक खरं तर त्याचंच आहे. वेळ मिळाल्यास सांगणे."

कुणी हसलं नाही. मार्लिस मान ताठ ठेवून समोर बघत राहिली. मग ब्युलाने धुक्यातल्या बोटीच्या भोंग्यासारखं नाक शिंकरलं, आणि सभागृहभर डब्यांतून रुमाल ओढल्याचा आवाज सुरू झाला.

वाचन संपलं तेव्हा लोक उठायलाच तयार नव्हते. "पुन्हा कधी आहे?" एक म्हातारी ओरडली.

"ऑक्टोबरात!" जोॲन म्हणाली. "पण दोन अटी. एकही कंस कमी होणार नाही, लॉयड रंगमंचावरच बसेल. आणि जाहिरातीत लिहायचं, 'विनोदी नाटक'."

विनोदी? अकरा वर्षांची शोकांतिका! हार्लनने तोंड उघडलं. जोॲनचं बोट वर गेलं.

"आभारी आहे," हार्लन म्हणाला.

नंतर हार्लन आणि मार्लिस डबे गोळा करायला लागले.

"अकरा वर्षांत वेळ मिळाला नाही तुला?" मार्लिसने विचारलं.

"लिहीत होतो ना." हार्लन डबे मोजत होता. "चोवीसपैकी एकवीस रिकामे! रडलं की नाही गाव?"

"अरे, अर्धे तर हसून रडले."

"अश्रू तो अश्रू. रसायन एकच असतं."

सप्टेंबरात कॅफेच्या काचेवर जाहिरात लागली. वर फूटभर अक्षरांत लॉयड ग्रुंडमन. खाली नाटकाचं नाव. अगदी तळाशी, बारीक टाइपात : (लेखक : हार्लन ट्वेट).

मार्लिसने चष्मा लावून दोनदा वाचलं. "अरे, तुझं नाव कंसात टाकलंय!"

हार्लनने टोपी सरळ केली. "मग बरंच आहे की! आपल्या गावात कंसातलं कुणी गाळत नाही."