उकंडाजी पारख्याचं सुतक

माझ्या लग्नात उकंडाजी पारख्यानं भर मांडवात माझ्या फेट्याचा शेव ओढला, गालाला लावला, डोळे मिटले, अन् सगळ्या पाहुण्यांना ऐकू जाईल असा ओरडला, "पानी हाय!"

भटजींच्या मंगलाष्टका जागच्या जागी थांबल्या. सासरे माझ्याकडे असे बघू लागले, की जणू मुलात मोठी खोट निघाली. झालं होतं एवढंच, की फेटा सकाळीच धुऊन खळ घातलेला, अन् पुरता वाळला नव्हता. पण ते कोणाकोणाला सांगणार? लग्न लागलं एकदाचं, पण सासरवाडीचे लोक पुढे दोन वर्षं मला निरखून बघत होते.

उकंडाजी अमरावतीच्या बाजारात रुई पारखायचा अन् मी मापारी, म्हणजे त्यानं पास केलेली रुई काट्यावर चढवायचो. दिवस तेजीचे होते. सातासमुद्रापलीकडे कुठंतरी लढाई जुंपली होती, तिकडचा कापूस बंद पडला होता, अन् विलायतेतल्या गिरण्या आमच्या वऱ्हाडाच्या तोंडाकडे बघत बसल्या होत्या. भाव सकाळी एक, दुपारी दुसरा. बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या आल्या. जन्मभर अनवाणी फिरलेली माणसं मखमली जोडे हातात धरून हिंडायला लागली, कारण पायात घातले तर ते चावायचे! अन् वजन वाढावं म्हणून लोक सर्रास रुईवर पाणी शिंपडायला लागले.

ते पाणी उकंडाजी पकडायचा. चिमूटभर रुई घ्यायचा, गालाला लावायचा, डोळे मिटायचा. की झालं! "पानी हाय!" गाडीवाला पोराबाळांच्या शपथा खायचा, पागोटं पायावर ठेवायचा. उकंडाजी ढिम्म. आयुष्यात एकदाही त्याचा गाल चुकला नाही.

पण ही खोड बाजारापुरती असती तर ठीक होतं. त्याला जिथं तिथं पाणीच दिसायचं. आमच्या घरच्या वरणात पाणी. तहसीलदाराच्या हुकमात पाणी. एकदा राममंदिरात कीर्तनकारबुवा ऐन रंगात आले असताना हा उठला, "आख्यानात पानी हाय," म्हणाला अन् चालता झाला. बुवा उरलेलं कीर्तन एकदम घाईत आटपून मोकळे झाले.

स्वतः पाण्याशी त्याचं वैरच होतं. घरात एकच घागर. आंघोळ दोन तांब्यांची, तीही शिव्या देत. बोलणं सगळ्यांशी अबे-तुबे; मग समोर गाडीवान असो की साहेबाचा शिरस्तेदार. "काहून बे, कापूस कधी पाह्यला का तुह्या बापानं?" हा त्याचा नमस्कार!

घरात एकटा. आमच्याकडे पोरं जगत नसली, की नवं पोर उकिरड्यावर ठेवून उचलतात अन् त्याला उकंडा म्हणतात. यमानं टाकाऊ समजून सोडून द्यावं, एवढाच हेतू. हा जगला. पण आईबाप लवकर गेले, लग्नाचं बघायला कोणी उरलं नाही, अन् त्यानंही विषय काढला नाही.

त्या हंगामात अकोल्याला मुंबईचा एक पारशी शेट उतरला होता. जुन्या शहरात, मोर्णेच्या काठाला त्याची वखार. उकंडाजीनं दोन महिने त्याची रुई पारखली अन् मी तोलली. शेट एवढा खूश झाला, की निघताना म्हणाला, "माग, काय पाहिजे ते माग!" मी मनात घड्याळ धरून बसलो होतो.

शेटच्या खोलीत काचेचा गोल हंडा होता अन् त्यात एक तांबूस सोनेरी मासा. चीनच्या गलबतातून मुंबईला आलेला. उकंडाजीनं बोट दाखवलं. "ते द्या."

शेट चाट पडला. मी तर पार हबकलो. म्हटलं, "अगा उकंडाजी, घड्याळ माग, शाल माग! त्यात नुसतं पाणी आहे!"

"मले डोळे हायेत," तो म्हणाला.

अकोल्याहून अमरावती बैलगाडीनं तीन दिवस. तिन्ही दिवस तो हंडा मांडीवर घेऊन बसला होता. गाडीवानाला चाक दगडावर चढवायची बंदी. शेटनं सांगितलं होतं, की रोज थोडं पाणी बदला, गोडं पाहिजे. अन् आमचा तो पट्टा सगळा खारपाण! मूर्तिजापूरपर्यंत जी विहीर लागेल तिथं हा उतरायचा, ओंजळभर पाणी तोंडात घ्यायचा अन् थुंकायचा. "खारं हाय." पुढची विहीर. "हेही खारंच." तिसऱ्या विहिरीवर तर बायांनी हाकलूनच लावलं, आमची विहीर उष्टी करतो म्हणून. ज्या माणसानं जन्मात पाण्याला बरं म्हटलं नाही, तो मूर्तिजापूरच्या एका मळ्यात मोटेजवळ उभा राहून ओरडला, "वा! काय पानी हाय!" मी बैलाच्या मानेला धरून उभा राहिलो, नाहीतर पडलोच असतो.

पण खरा धक्का घरी आल्यावर बसला. गाडीत राहिलेलं त्याचं गाठोडं द्यायला मी त्याच्या घरी गेलो. आतून त्याचा आवाज. "खाऊन घ्या जी थोडंसं. प्रवासात हाल झाले तुमचे." मला वाटलं, कोणी बडा पाहुणा आलाय. डोकावलो तर हा हंड्यापुढे उकिडवा बसलेला, अन् बोटाच्या टोकावर पिठाचा कण. शिरस्तेदाराला अबे म्हणणारा माणूस माशाला अहो-जाहो करून राहिला होता!

"उकंडाजी," मी म्हटलं, "तो मासा आहे."

"अबे मापाऱ्या, जोडे बाहीर काढ," तो म्हणाला. "अन् हळू बोल. घाबरतेत ते."

चार महिने असे गेले. तो बाजारातून थेट घरी यायचा. दिवसभराची हकीकत हंड्याला सांगायचा. कोणी पाणी मारलं, कोणी शपथ खाल्ली, कोणाची फजिती केली. मी ओट्यावरून ऐकायचो अन् माझ्या मायला सांगायचो. माय म्हणायची, "लागलं त्याले याड."

मग एक दिवस ऐन हंगामात उकंडाजी बाजारात आलाच नाही. दीडशे गाड्या उभ्या, दलाल डोकं धरून बसलेले. मला पिटाळलं. जाऊन बघतो तर मासा एका कुशीवर कलंडलेला, श्वास मोठा, रंग उतरलेला. अन् उकंडाजीचा चेहरा त्याहून उतरलेला.

"काल सांजेपासून काईच खाऊन नाई राह्यले," तो म्हणाला. "मापाऱ्या, काय करू मी?"

वीस वर्षांत पहिल्यांदा तो मला काही विचारत होता. मी गांगरलो अन् गुरांच्या वैद्याला बोलावून आणलं. दुसरा कोण येणार? वैद्यबुवांनी हंड्याभोवती तीन चकरा मारल्या. "नाडी कुठं राह्यते याची?" त्यांनी मला विचारलं. मला काय ठाऊक! शेवटी ते म्हणाले, "अशक्तपना हाय. म्हैस अशी बसली का आपन काय करतो? सरकी चारतो."

झालं! उकंडाजीला धीर आला. कापसातलं बी म्हणजे सरकी, अन् सरकीतलं त्याच्याइतकं कोणाला कळणार? त्यानं एकूण एक दाणा गालाला लावून निवडला. भिजवली, वाटली, फडक्यातून गाळली. चिमटीनं हंड्यात सोडली. मासा हळूच सरळ झाला, वर आला अन् त्यानं तोंड उघडून खाल्लं!

"खाल्लं!" तो ओरडला. मला मिठी मारली. आईशप्पथ, उकंडाजी पारख्यानं मला मिठी मारली!

मग त्यानं आणखी चारली. अन् आणखी. मी म्हटलं, "बस झालं आता." तो म्हणाला, "उपाशी राह्यले होते ना बे कालपासून. खाऊ दे पोटभर." तिकडे बाजारात तीन दिवस भिजलेली रुई राजरोस खपत होती अन् पारखी घरात सरकी वाटत होता. हंड्याचं पाणी दुधाळ झालं, वर तेलाचा तवंग आला. तो पाणी बदलायचा अन् पुन्हा चारायचा. मासा खायचाही. त्याचं पोट फुगत चाललं होतं, अन् उकंडाजीला वाटायचं अंग धरतोय.

चौथ्या दिवशी मी काट्यावर होतो. न्हावी धावत आला. वस्तरा अजून त्याच्या हातातच होता.

"उकंडाजीनं मिशी काढली!" तो म्हणाला.

काट्यावरची रुई तशीच राहिली. मिशी! लिंबू ठेवावं अशी ती मिशी! आमच्याकडे घरातलं माणूस गेल्याशिवाय मिशीला कोणी वस्तरा लावत नाही. "कोण गेलं?" मी विचारलं.

"मी काय इचारू? तोंडाकडं पाह्यवत नवतं."

बातमी बाजारभर झाली. कोणी म्हणालं गावाकडे म्हातारी चुलती असेल. कोणी म्हणालं बहीण असेल, त्यानं कधी सांगितलं नसेल. माझ्या मनात एकदाही मासा आला नाही, हे मी खरं सांगतो. मिशी अन् मासा ही दोन एका वाक्यात बसतात, असं कोणाच्या डोक्यात येईल?

ज्या घरी सुतक पडतं तिथं चूल पेटत नाही. शेजारपाजार भाकरी घेऊन जातो. तिला कडूभाकर म्हणतात. दुपारी आळीतली वीस-पंचवीस माणसं टोपल्या घेऊन निघाली, दलालसुद्धा. पुढे माझी माय, डोक्यावर भाकरीची टोपली अन् हातात पिठल्याचं गाडगं.

उकंडाजी ओसरीत भिंतीला टेकून बसला होता. मिशीवाचून तो ओळखूच येईना. ओठ एखाद्या लहान पोराचे असावेत तसे दिसत होते. आम्ही रिवाजाप्रमाणे गुपचूप बसलो. मग एका बुजुर्ग दलालानं खाकरून विचारलं, "कोन गेलं बाप्पा?"

उकंडाजीनं मान वळवली. कोनाड्यात काचेचा हंडा पालथा घातला होता, धुतलेला, कोरडा. "सकाळी अंबा नाल्यात सोडून आलो," तो म्हणाला.

कोणाला काही उमजेना. मला उमजलं. हळूहळू ते सगळ्यांच्या तोंडावर उमटत गेलं. एकानं तोंडावर उपरणं दाबलं. मागं कोणीतरी फिस्सकन हसलं. दलाल ताडकन उठला. "मासोळीसाठी? आमाले मासोळीसाठी बसवलं? चाला रे!" माणसं टोपल्या उचलायला लागली. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याच्यासाठी की आमच्यासाठी, ते आजही सांगता येत नाही.

"खाली बसा," माझी माय म्हणाली.

माय तशी तोंडाची फटकळ. उकंडाजीनं तिच्या वरणाला पाणी म्हटलं होतं, ते तिनं कधी माफ केलं नव्हतं. ती दलालाकडे बघून म्हणाली, "कडूभाकर घरून निघाली का परत नेत नसतात. तुह्या घरी न्याची हाय का?"

दलाल बसला. मग सगळेच बसले. कडूभाकर परत न्यायची छाती कोणाची?

मायनं भाकर मोडली, वर पिठलं घातलं. "हात पुढं कर, उकंडा."

त्यानं हात पुढे केला. घास तोंडात घालून कितीतरी वेळ तो नुसता चावत राहिला. मग आमच्याकडे, त्या भरल्या अंगणाकडे एकेक करून बघितलं.

"मावशी," तो म्हणाला, "या आळीतल्या कोन्या घरी मी भाकर नेली नाई सांग. सगळ्याच्या घरी नेली. माह्या दारी कोन आननार? त्यासाठी घरातलं जायाले कोनी असावं तं लागते."

आता कोणी हसलं नाही. दलाल खाली बघत भाकरीचा काठ मोडत राहिला.

थोड्या वेळानं मायनं विचारलं, जसं कोणत्याही सुतकाच्या घरी विचारतात तसंच, "शेवटी काही खाल्लं होतं का रे?"

उकंडाजीचे खांदे हलायला लागले. "खाल्लं ना जी," तो म्हणाला. "लई खाल्लं. माह्याच हातानं चारलं. त्यानंच गेले ते, मावशी. मीच मारलं त्याईले."

माय त्याच्याकडे बघत राहिली, मग तिनं दुसरा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला.

"उपाशी तर नाही गेले ना," ती म्हणाली. "खा आता."