अठ्ठावन्न मापाचं डोकं

गवती हॅटची निगा कशी राखावी, हे कुणी मला विचारावं! वरच्या फुगीर टोपाला चिमटीत धरून ती कधी उचलायची नाही, दोन्ही हातांनी कडेला धरायची. उन्हात टांगायची नाही, काड्या तडकतात. भिजली तर शेगडीजवळ न्यायची नाही. दुकानाच्या काउंटरमागे उभा राहून गेली बारा वर्षं मी हे सांगत आलोय, आणि असं सांगतो की एक बघायला आलेला माणूस दोन घेऊन जातो.

सांगणारच! घराणंच तसं आहे. म्हणजे बायकोचं. सासऱ्यांच्या आईने पहिली हॅट विणली ती उन्हात राबणाऱ्या नवऱ्यासाठी. शेजाऱ्यांनी मागून मागून तिला भंडावून सोडलं, त्यातून हे दुकान उभं राहिलं. तिच्याकडून सासरे शिकले, सासऱ्यांकडून माझी बायको. मला शिकवायचाही एकदा प्रयत्न झाला. त्या हॅटमध्ये आम्ही अजून कांदे ठेवतो. तेव्हापासून सासऱ्यांनी कामं वाटून टाकली. "जावईबापू, तुम्ही गिऱ्हाइकांचं बघा. हॅटचं आम्ही बघतो."

त्या दिवशी काउंटरवर ठेवलेली हॅट सासऱ्यांनी सात महिने विणली होती. रोज पहाटे, हवेत ओल आहे तोवर, पाण्यात बोटं बुडवत. काडी नखाने चिरून चिरून दोऱ्याइतकी बारीक केलेली. "डोळे आता साथ देत नाहीत. एवढी बारीक ही शेवटचीच," असं ते म्हणाले होते. अकरा वाजता वस्तुसंग्रहालयाच्या बाई ती न्यायला येणार होत्या, काचेच्या कपाटात कायमची ठेवायला. सासरे त्यासाठी मुद्दाम न्हाव्याकडे दाढी करायला गेले. जाताना मला म्हणाले, "हात लावू नका."

लावलाही नसता. पण एक गिऱ्हाईक आलं, हॅटकडे बघून म्हणालं, "मशीनची दिसतेय."

मशीनची! सासऱ्यांच्या सात महिन्यांच्या पहाटा, आणि मशीनची! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हॅट उचलली आणि त्याच्या नाकासमोर धरली. एका हाताने. टोपाला चिमटीत धरून.

गिऱ्हाईक गेलं, खळगा राहिला.

उपाय मला तोंडपाठ होता. वाफ द्यायची, काडी मऊ पडली की आतून बोटाने खळगा उचलायचा आणि हॅट लाकडी साच्यावर चढवून सुकवायची. वाफ बेताची द्यायची असते, पण मी मनापासून दिली. हॅटने भिजल्या फडक्यासारखी मान टाकली. साचा आणायला धावलो, तर अठ्ठावन्न मापाचा आमचा एकुलता एक साचा तडा गेला म्हणून सुताराकडे पडलेला.

पण अठ्ठावन्न मापाची आणखी एक वस्तू दुकानात होती. मी ती बारा वर्षं खांद्यावर घेऊन उभा होतो.

हॅट झकास बसली. मी पंख्याखाली उभा राहिलो. अर्ध्या तासात ती खडखडीत वाळली आणि आरशात खळगा शोधून सापडेना. स्वतःच्या हुशारीचं कौतुक करत मी ती काढायला गेलो. निघेना. वाळताना ती आवळली होती.

तेवढ्यात बायको आतून आली. "अहो, ती काढा आधी."

"काढतोय."

"मग काढा ना."

"काढतोयच की गं!"

तिने हात पुढे केला आणि चटकन मागे घेतला. ओढलं तर काडी तुटणार, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. आणि दारात बाई उभ्या.

"वा, घालून दाखवताय! छान कल्पना," बाई म्हणाल्या. "द्या आता."

"घाई कशाला? बाजूने बघा ना," म्हणत मी गिरकी घेतली. मग सासूबाईंच्या सासूबाईंपासून इतिहास सुरू केला. काड्या कशा निवडतात, कशा उकळतात, सगळं सांगितलं. बाई दर दोन मिनिटांनी हात पुढे करत होत्या आणि मी दर दोन मिनिटांनी गिरकी घेत होतो. तिसऱ्या गिरकीला समोर सासरे होते, गुळगुळीत दाढी केलेले. ते माझ्याकडे बघत नव्हते. माझ्या डोळ्यांच्या चार बोटं वर बघत होते.

"जावईबापू, बसा," एवढंच म्हणाले.

बायकोने किटली आणली. बाईंनी माझा चष्मा धरला. मी वाफेवर डोकं वाकवलं, आणि सासऱ्यांची बोटं कडेवरून फिरू लागली, अगदी सावकाश. सर्दी असती तर त्या दिवशी जन्माची गेली असती. दहा मिनिटांनी हॅट निघाली. एकही काडी तुटली नाही. पण डाव्या बाजूला टेंगूळ! लहानपणी मी भिंतीवरून पडलो होतो, ते माझं टेंगूळ जसंच्या तसं शेवटच्या हॅटवर उमटलेलं.

सासरे हॅट उजेडाकडे धरून बघत राहिले. "मामा, चुकलो. तो मशीनची म्हणाला, मला राहवलं नाही."

"कोण म्हणाला?"

"एक गिऱ्हाईक. मी उचलून दाखवली त्याला."

सासऱ्यांची मिशी किंचित हलली. बाई पुढे वाकल्या. "आमच्याकडे सतरा हॅट आहेत, सगळ्या अंड्यासारख्या गुळगुळीत. ही मात्र कुणाच्या तरी डोक्यावरची वाटते. अशीच द्याल?"

"अशीच न्या," सासरे म्हणाले.

आता ती काचेत आहे. घरी कुणीही पाहुणा आला की मी त्याला तिथे नेतो आणि डावी बाजू पुढे करून कपाटाशेजारी उभा राहतो. या घराण्याच्या कलेत माझाही वाटा आहे, साहेब! कपाटात खाली सासऱ्यांनी सांगितलेली माहितीची पाटी लावली आहे. विणकामाला त्यांचं नाव, वेळ सात महिने. आणि शेवटची ओळ, 'साचा : लाकडी.'

मी घरी येऊन विचारलं, "मामा, लाकडी कसा? तो तर सुताराकडे होता."

सासऱ्यांनी ओल्या काडीवरची नजर उचलली नाही.

"बाईंना मी खोटं कशाला सांगेन, जावईबापू?"