इंजिनमहाराजांच्या ज्वराची व तापनवीसाच्या चुकल्या खबरेची हकीकत

श्रीअग्नी आणि श्रीवरुण या उभय देवतांस वंदन करोन, जैसे घडले तैसे लिहितो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मासी, चार चाकांवर चालणारे एक राज्य होते. तेथे इंजिनमहाराज उदरी अग्नी धारण करोन राज्य पुढे नेत आणि त्यांचे अंगाभोवती शीतजळाचा पाट अखंड वाहे. महाराजांचे अंगास हात लावणे दरबारी निषिद्ध; म्हणोन त्या पाटात तापनवीस नामे वृद्ध सेवक बुडोन बसे आणि जळ ऊन की गार, ते तारेच्या वाटेने दिवाण संगणकपंतांस कळवी. मग दिवाणजी त्या खबरेप्रमाणे इंधन धाडीत आणि पंखोजीरावांस वारा घालण्याची आज्ञा करीत.

ऐसे असता घाट चढताना महाराजांस ज्वर भरला आणि पाटाचे जळ खदखदो लागले. परंतु तापनवीसाची खबर एकच, "महाराज गार आहेत." मग दिवाणजींनी थंडी निवारावी म्हणोन अधिकच इंधन धाडिले आणि राज्याचे पाठीमागे काळा धूर दाटला आणि पंखोजी जागचे हलले नाहीत आणि घाटमाथ्यावर महाराज मूर्च्छित जाहले. दरबार भरला. सरदार चाकोजी पंखोजींकडे बोट करोन गरजले, "राजा भाजतो आणि हा ऐटीत उभा! उपटा याला आणि भंगारात घाला!" पंखोजी बोलिले, "हुकुमावाचून फिरलो तर बंडखोर, उभा राहिलो तर हरामखोर! मी करावे तरी काय, सरकार?"

तेव्हां गॅरेजक्षेत्रीचे न्यायशास्त्री विद्याधरभट यांस पाचारण जाहले. त्यांनी दिवाणजींस पुसिले, "खबर मुळीच आली नाही, तर आपला शिरस्ता काय?"

"अनर्थ समजावा आणि पंखोजींस फिरवावे."

"तर मग तापनवीसाची तार सोडवा."

तार सोडविली आणि तत्क्षणी पंखोजी घोंघावत फिरो लागले. शास्त्रीबोवा म्हणाले, "पंखोजींचे हात धड आहेत. हुकूमच पोहोचला नव्हता."

"मग तारच फितूर असेल," चाकोजी पुटपुटले.

 शास्त्रीबोवांनी जळ निवेपर्यंत पाटाच्या झाकणास कोणी हात लावू नये ऐसी ताकीद दिली आणि मग तापनवीसास अलगद बाहेर काढोन उकळत्या पातेल्यात बसविले आणि तारेवाचून समक्ष पुसिले, "आजोबा, कैसे वाटते?"

"बरीच हुडहुडी भरली आहे, शास्त्रीबोवा. कांबळे असले तर द्या."

दरबार खो खो हसला. शास्त्रीबोवा मात्र हसले नाहीत. म्हणाले, "हा द्रोह नव्हे. जन्मभर उष्णोदकात राहोन याचे त्वगिंद्रिय मालवले. यास मानाने निवृत्त करावे."

मग त्याच जागी, त्याच तारेवर नवा तापनवीस नेमिला आणि पाट नव्या जळाने भरिला. महाराज सावध जाहले. किंचित तापताच खबर गेली, आज्ञा आली, पंखोजी फिरले. महाराज निवताच पंखोजी आज्ञेनेच थांबले. या खेपेस ते उभे असता कोणी त्यांस बोल लाविला नाही.

तात्पर्य, सेवक उभा दिसला तर दंडापूर्वी त्यास आज्ञा पोहोचली काय, हे पाहावे. राज्य घाट उतरोन सुखरूप गेले. येथे लेखणी ठेविली.