समुद्राच्या टाकीतली बोंडअळी

मुलांनो, जरा माझ्यासोबत कल्पना करा. तुम्ही वाटूरच्या एका घरात आहात. बाहेर फाट्यावर ट्रक भोंगे वाजवतायत, अंगणात कपाशीच्या पऱ्हाट्या रचल्या आहेत, नळाला पाणी कधी येईल ते नळालाही माहीत नाही. आणि बैठकीत, टीव्ही असायला हवा तिथं, चक्क समुद्र! काचेच्या टाकीत खारं पाणी, भोकाभोकांचे दगड, त्यांवर डुलणारे मऊ प्रवाळ आणि मधोमध मिरवणारा एक केशरी मासा. दिसला? त्याचं नाव जर्दा. लग्नातल्या गोड केशरी भातावरून ठेवलेलं.

हा समुद्र माझ्या शेजारच्या नोमानचा. तो आणि त्याची बायको परभणीला लग्नाला गेले, तेव्हा टाकी त्यानं माझ्या हवाली केली. घरात त्याचे वडील ख्वाजामियाँ होते, पण ते कोंबड्यांना टाकावं तसं मुठीनं खाणं टाकतात! नोमानची मुलगी सालेहा चौथीत. परीक्षा होती म्हणून ती मागं राहिली होती. जर्दा म्हणजे तिचा जीव.

"गुरुजी, जर्दाला काही होणार न्हाई ना?"

"सालेहा, मी आयुष्यभर विज्ञान शिकवलं. मला ओळखता येणार नाही असा किडा या तालुक्यात जन्मला नाही!"

किडा या तालुक्यात जन्मलाच नव्हता, ही बारीकशी अडचण मला पुढं कळली.

संध्याकाळी मी चिमूटभर खाणं टाकलं आणि दगडाच्या भोकातून एक गुलाबी डोकं बाहेर आलं. मागोमाग वळ्यावळ्यांचं अंग. शेवयांच्या यंत्रातून शेवई यावी तसं ते येतच राहिलं! मग चोरासारखं थबकलं, एक दाणा उचलला आणि आत पसार.

"ख्वाजामियाँ!" मी ओरडलो.

त्यांनी काचेला नाक लावलं. सगळी हयात कपाशीत गेलेला माणूस.

"गुरुजी, रंग गुलाबी. अंगाला वळ्या. भोकात लपून राह्यली. ही बिलकुल बोंडअळी हाय!"

"अहो, समुद्रात कापूस कुठून आला?"

"कापूस न्हाई म्हणूनच तर आता मासा खाणार!"

मुलांनो, खरं सांगतो, हे मला त्या वेळी एकदम बराबर वाटलं.

तेवढ्यात ती पुन्हा बाहेर आली. मी हात घातला आणि धरली! धरली म्हणजे सोडलीच. तिच्या अंगावर काचेसारखी बारीक लव होती आणि ती सगळी माझ्या बोटांत. खाजकुइलीची शेंग चोळावी तशी आग!

"धरून काय करणार होतात? हजेरी घेणार होतात का?" आमच्या सौभाग्यवती पुष्पाबाई चिकटपट्टी लावून लव उपटत होत्या.

"विषारी आहे ती!"

"तिच्या घरात तुम्ही हात घातला. माझ्या सैपाकघरात घालून बघा, मीबी तेच करीन."

आता माझा संशय पक्का झाला. मी टाकीतल्या प्रत्येकाकडं वाकड्या नजरेनं बघू लागलो. काचेवर नखाएवढी पांढरी चांदणी चिकटली होती. साथीदार! दगडामागून बारीक मिशा हलत होत्या. खबरी!

ख्वाजामियाँ गेले आणि शेतातला सापळा घेऊन आले. तुम्ही कपाशीत पाहिला असेल. वर पिवळी ताटली, आत वासाची गोळी, खाली लांब पिशवी. वासानं पतंग येतो आणि पिशवीत पडतो. तो त्यांनी ट्यूबलाइटच्या खिळ्याला, बरोबर टाकीवर टांगला.

"अळीचं खानदानच संपवू!" ते म्हणाले.

उकाडा फार, म्हणून पंखा जोरात लावला. सापळा छान डुलत होता.

सकाळी सालेहाची किंकाळी! "जर्दा न्हाई!"

आम्ही धावलो. टाकीत जर्दा नव्हता. दगडाच्या तोंडाशी मात्र ती गुलाबी अळी होती आणि तिच्या तोंडात केशरी तुकडा!

"शेपूट!" मी म्हणालो.

"खाल्ला!" ख्वाजामियाँ म्हणाले. त्यांच्या हातात निंबोळी अर्काची बाटली कधी आली मला कळलंच नाही. "एक झाकण टाकतो, गुरुजी. मेली समजा."

सालेहा आजोबांना अडवत टाकीपुढं हात पसरून उभी राहिली. डोळ्यांत पाणी, पण जागची हलेना.

"न्हाई, दादा! जर्दा आत असला तर? आन गुरुजी, तुम्हीच शिकवलं ना, कुणाला नावं ठेवायच्या आधी बसून बघायचं? तुम्ही बसलेच न्हाईत!"

ती स्टुलावर बसली. मी पण बसलो. माझाच धडा, तक्रार सांगतो कुणाला!

थोड्या वेळानं मागच्या कपारीतून एक केशरी नाक बाहेर आलं. इतक्यात पंख्याच्या वाऱ्यानं पिशवी टाकीवर घारीसारखी झेपावली आणि नाक गडप! पुन्हा नाक. पुन्हा पिशवी. पुन्हा गडप.

सालेहा उठली आणि तिनं पंखा बंद केला. पिशवी थांबली. जर्दा बाहेर आला, शेपटीसकट! अळीच्या अंगावरून गेला. दोघांनी एकमेकांना विचारलंसुद्धा नाही. तो तुकडा म्हणजे काल मीच टाकलेल्या केशरी खाण्यातला उरलेला होता.

ख्वाजामियाँनी बाटलीचं झाकण घट्ट लावलं.

तेवढ्यात नोमानचा व्हिडिओ कॉल आला. सालेहानं त्याला अळी दाखवली.

"अरे, तो समुद्री किडा! दगडासोबत बिनतिकीट आला, चांदणीबी तशीच. उरलंसुरलं खातो, टाकी साफ ठेवतो, बिचारा. फक्त हात लावू नका, गुरुजी."

"छे! हात कोण लावतंय?" मी बोटं पाठीमागं घेतली.

"आन टाकीवर ते पिवळं काय लटकून राह्यलंय?"

ख्वाजामियाँना एकदम शेळ्यांची आठवण आली.

दुपारी सालेहा मला म्हणाली, "मी त्या किड्याचं नाव ठेवलं. गुरुजी!"

"माझं नाव? का गं?"

"दिवसभर आत बसून राहतो, जेवण आलं की बराबर बाहेर येतो, आन कुणी धरलं की टोचतो."

पुष्पाबाई पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

मी रुसून आतल्या खोलीत जाऊन बसलो. आणि मग सालेहानं काय केलं, सांगू? चिमूटभर खाणं टाकलं, काचेवर टकटक केली आणि हाक मारली, "गुरुजी, या जेवायला!"

आम्ही दोघंही बाहेर आलो.